शेवाळाची मेहेरबानी

समस्त श्वास घेणाऱ्या लहानथोर मंडळींना, मग ती नाशिक शहरातली असोत की तालुक्यातली, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपण आत्ता हे वाचता वाचता जो प्राणवायू नाकाने आत ओढलात, तो आपल्या दारातल्या तुळशीने दिलेला नाही. देवळामागच्या पिंपळानेही नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोपुरत्या लावलेल्या आणि दुसऱ्या दिवशी शेळीने फस्त केलेल्या रोपाने तर नाहीच नाही. पृथ्वीवर जेवढा म्हणून प्राणवायू रोज नव्याने तयार होतो, त्यातला साधारण निम्मा पाण्यात तयार होतो. तो करतात डोळ्यांना न दिसणारे, तरंगणारे हिरवे जीव. म्हणजे आपण ज्याला शेवाळ म्हणून नाक मुरडतो त्याची सख्खी-चुलत भावंडं. सदर सूचनेची सर्वांनी नोंद घ्यावी, आणि जमल्यास यापुढे पाण्याची टाकी घासताना निदान हात जोडावेत.

ही घोषणा मी आजवर असंख्य वेळा केलेली आहे. वर्गात केली, लग्नाच्या पंगतीत केली, मनमाडला जाणाऱ्या एस.टी.त शेजारच्या बेसावध माणसाला गाठून केली. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करतो. दोन्हीकडे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं एवढंच खरं काम असतं. जंगलाचा मुद्दा आला की मी विशेष रंगात येतो. जंगल म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं, असं कोणी म्हटलं की मी डोळे मोठे करून विचारतो, "आणि फुप्फुसं प्राणवायू देतात की खातात?" समोरचा गडबडतो. मग मी सांगतो, जंगल हे मोठं एकत्र कुटुंब आहे. झाडं दिवसभर प्राणवायू करतात, आणि तीच झाडं, त्यांच्यावरची किडामुंगी आणि खाली सडणारा पाला मिळून तो जवळजवळ सगळा संपवतात. समुद्राचंही तसंच. करणारा समुद्र, खाणाराही समुद्र. मग हवेत आहे तो कुठला? तो फार फार जुना साठा आहे. माणूस नव्हता, मासा नव्हता, गवताचं पातंसुद्धा नव्हतं, तेव्हा पाण्यातल्या निळसर-हिरव्या सूक्ष्म जिवांनी तो करायला घेतला. कोणासाठी म्हणून नाही. त्यांचं आपलं चाललं होतं.

लोक हसतात. टाळ्यासुद्धा मिळतात. आणि कोणी एक अक्षर खरं मानत नाही. हे मला विंचूरच्या अलीकडच्या एका शेततळ्याकाठी कळलं.

तिथं माझी थोरली बहीण राहते. ताई नाशकात वाढलेली, पण लग्नानंतरची सगळी वर्षं द्राक्षबागेत गेली, त्यामुळे बोलताना एक पाय शहरात आणि एक मळ्यात. दाजी, म्हणजे तिचे यजमान, एकेकाळी असे खणखणीत हसायचे की पलीकडच्या बांधावरचा माणूस विचारायचा, काय झालं. गेल्या काही वर्षांत त्यांची फुप्फुसं कडक होत गेली. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मधाचं पोळं असावं तसं दिसत होतं. घरात मशीन आलं. नाकात नळी आली. बाग निम्म्या वाट्यानं शेजारच्या तात्यांकडे गेली आणि दाजी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

ते मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी न राहवून सांगितलंच, की हे काही प्राणवायू तयार करत नाही. ते नुसतं खोलीतल्या हवेतून बाकीचं गाळून ठेवतं. करणारे दुसरेच कोणीतरी.

"मास्तर," दाजी नळीतून म्हणाले, "जो कोण करत असंल त्याला म्हनावं, जरा हात उचल."

तळ्यात मासे त्यांनी दुखण्याच्या आधीच सोडले होते, गंमत म्हणून. बागेला पाणी द्यायला मेणकापड अंथरून केलेलं मोठं शेततळं. त्यात रोहू आणि कटला. तेव्हा कोणी त्यांच्याकडे बघायलाही जात नव्हतं. पण बागेत जायची बंदी झाल्यावर एका सकाळी दाजी ताईला म्हणाले, चल, मासे बघून येऊ. ताईनं प्राणवायूचा लहान सिलिंडर द्राक्षाच्या क्रेटमध्ये घातला, क्रेट कमरेवर घेतलं, आणि दोघं पावलापावलानं तळ्याच्या भरावावर चढले. दाजींनी शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा टाकला. पाणी उकळावं तसं झालं आणि मासे वर आले.

त्या दिवसापासून माणूस उठायला लागला. उजाडलं की पाय खाली. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधं त्यांच्या परीनं करतील, पण यांना उठावंसं वाटलं पाहिजे. एकदा पलंग धरला तर मग फार काळ काढणार नाहीत. उठावंसं वाटायला आता मासे होते. सगळ्यात मोठ्या कटल्याला दाजी सरपंच म्हणत. "काल सरपंच रुसले होते. आज आले." एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागायचं, पण बोलायचे.

दिवाळीच्या सुटीत मी ताईकडे राहायला गेलो. तळ्याचं पाणी ऑक्टोबरच्या उन्हानं हिरवंगार झालं होतं. हिरव्या मुगाचं पीठ कालवल्यासारखं. मला ते बघून असा आनंद झाला की मी भरावावरच भाषण ठोकलं. दाजी खुर्चीत, ताई क्रेट घेऊन उभी, तात्या बागेतून वर आलेले. मी हात पसरून म्हटलं, "हा बघा कारखाना! ना धूर, ना भोंगा! दिवसभर ऊन पितो आणि पाण्यात प्राणवायू सोडतो. हे मासे त्याच्यावर जगतात."

"पगार कोण देतं यांना?" तात्या म्हणाले, आणि सगळे हसले. दाजीही हसले, आणि हसणं त्यांना महागात पडलं. खोकला थांबेना. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कारखाना बंद केला.

घरी आल्यावर तिनं त्यांच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायची क्लिप लावली आणि आकडा मला दाखवला.

"बघ. जाताना बरा होता. तळ्यावरून आलं की रोज असाच खाली येतो. त्या घाणेरड्या पाण्याची वाफ लागते यांना."

"ताई, ते चढ चढून आले. म्हणून उतरतो आकडा. थोडं बसू दे."

"वास येत नाही का तुला?"

"अगं, वास येऊ दे. त्यातूनच प्राणवायू निघतो, सांगितलं ना मगाशी."

"हो का? मग एवढं मशीन कशाला आणलं? उद्यापासून यांना तळ्यातच बसवते." ती आत गेली आणि आतून म्हणाली, "नाटकवाल्याचं काय खरं मानायचं!"

मी हसलो. चांगलं वाक्य होतं. कोणत्याही नाटकात टाळी घेतली असती.

आता इथे द्राक्षवाल्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कांदेवाल्याच्या घरात कांदा असतो तसा द्राक्षवाल्याच्या घरात मोरचूद असतो. निळे चमकदार खडे, गोणीत भरलेले. चुन्याबरोबर कालवून त्याचं बोर्डो करायचं आणि वेलीवर मारायचं, म्हणजे पानावर वाईट काही वाढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच बघितलेलं. जिथे नको ते हिरवं, करडं, बुरशी, शेवाळ दिसेल, तिथे हात आपोआप मोरचुदाकडे जातो. नळकोंडाळ्याच्या फरशीवर शेवाळ धरलं तरी ताई मोरचुदाचं पाणी टाकते. त्यामुळे तळ्याची वाफ नवऱ्याला लागते असं एकदा मनात बसल्यावर तिनं काय केलं असेल, हे इथला कोणीही माणूस डोळे मिटून सांगेल.

दुपारी दाजी झोपले होते. मी विंचूरला भाजी आणायला गेलो होतो. तिनं मोरचूद फडक्यात बांधला, फडकं बांबूला बांधलं आणि भरावावरून फिरत फिरत ते तळ्याच्या चारी कडांनी पाण्यात ओढलं.

दोन दिवस काहीतरी कारण काढून तिनं दाजींना वर जाऊ दिलं नाही, आणि तेवढ्यात पाणी निवळलं. मला काहीच माहीत नव्हतं. सकाळी आम्ही तिघं वर चढलो आणि दाजी जागच्या जागी थांबले. तळ्यात खोलवर दिसत होतं. निळसर, थंड, सुंदर पाणी, आणि त्यात हवेत पोहावेत तसे मासे. आजवर ते फक्त वर आलेली तोंडं बघत आले होते. आता सगळा संसार समोर उघडा होता.

"आरं तिच्या!" दाजी म्हणाले. "एवढे हायेत? मला वाटलं निम्मे बगळ्यानं नेले. ते बघा, ते बघा सरपंच! केवढं झालंय धूड! आन् त्याच्या मागं बारकी किती!" त्यांना श्वास पुरेना, तरी बोट दाखवणं थांबेना. वरातीत आपलं पोरगं घोड्यावर दिसावं तसा चेहरा.

ताई मागे क्रेट पोटाशी धरून उभी होती. इतकी खूश मी तिला कैक वर्षांत पाहिली नव्हती.

पाण्याचा तो निळा रंग मात्र मी प्रयोगशाळेत रोज बघतो. घरी येऊन दाजी पलंगावर टेकल्यावर मी तिला बाजूला घेतलं.

"किती टाकला?"

"बागेला टाकतो तसाच."

"चुना?"

"चुना कशाला? पाणी पांढरं नसतं झालं?"

मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का? काय झालं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच हात न पसरता, आवाज न चढवता सांगितलं. हिरवं मेलं म्हणजे प्राणवायू करणारं मेलं. मेलेलं तळाशी सडणार, आणि सडताना पाण्यात आहे तोही खाणार. ताई ऐकत राहिली. मधेच म्हणाली, "पण ते तर आत्ता किती छान फिरत होते रे." मग म्हणाली, "यांना सांगू नकोस. लगेच नको."

मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्याला फोन लावला. तो म्हणाला, पाणी उडवा, ताजं पाणी सोडा, पंप चालू ठेवा. पण शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, आणि विहिरीत बागेपुरतंही पाणी नव्हतं. आम्ही वीज आल्यावर पंप लावला. विहिरीनं थोडं दिलं आणि हात वर केले. वर आभाळ भरून आलं. अवकाळी ढग, द्राक्षवाल्यांचा काळ. घड फुलोऱ्यात होते, आणि अशा हवेत बुरशी एका रात्रीत बाग नेते. सगळं गाव आभाळाकडे आणि घडांकडे बघत होतं. तळ्याकडे बघणारे आम्ही दोघंच. उरलंसुरलं हिरवं काही असेलच तर त्यालाही आता ऊन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दाजी स्वतःहून आमच्याआधी तयार होते. मी म्हटलं, आज ढग आहेत, गार आहे, राहू द्या. "कालच्यासारखं बघायचंय," ते म्हणाले.

वर पोचलो तर सगळे मासे वरच होते. तळ्याच्या पृष्ठभागावर तोंडंच तोंडं. उघडत होती, मिटत होती.

"आज भूक लागलीय पोरांना," दाजी म्हणाले आणि मूठभर चुरा टाकला. चुरा पाण्यावर पसरला. एकानंही त्याला तोंड लावलं नाही. त्यांनी आणखी मूठ टाकली. चुऱ्याच्या मधूनच ती तोंडं उघडत होती, मिटत होती.

दाजींनी तिसरी मूठ भरली आणि परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, हे खायला नाय आले. हे मी करतो तसं करतायत."

त्यानंतर मी आयुष्यातलं सगळ्यात निरुपयोगी नाटक केलं. बागेत धावलो. तात्या ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारत होते. त्या आवाजात माझा शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज कुठल्या कुठे गेला. मी दोन्ही हात हलवत ओळींमधून येताना दिसलो तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"गेले?"

"मासे!"

"मासे गेले?"

"जातायत! दम लागलाय त्यांना!"

तात्यांनी आभाळाकडे पाहिलं, फुलोऱ्यातल्या घडांकडे पाहिलं. त्या ढगांत फवारणी अर्धी सोडणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. टोपी परत घातली आणि ट्रॅक्टर वळवला.

ब्लोअरच्या टाकीत औषध होतं, म्हणून नुसता पंखा चालवायचा ठरलं. भरावाच्या टोकावर ट्रॅक्टर उभा करून तात्यांनी तो प्रचंड पंखा पाण्यावर सोडला. विमान उतरावं तसा आवाज. पाण्यावर सुरकुत्या पडल्या, त्या पलीकडे जाऊन विरल्या. मी बादलीनं पाणी काढून वरून ओतत होतो. ताई बांबूनं पाणी झोडपत होती. त्याच बांबूनं, टोकाशी अजून निळा. मेणकापडावरून पाय घसरायचा म्हणून मी तिच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक खुर्चीला अडकवलं होतं. खुर्चीत दाजी. ते ओरडत होते, "इकडं! इकडच्या कोपऱ्यात मारा! सरपंच तिकडं हायेत!" आणि मग ओरडता येईना म्हणून नुसतं बोट.

लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं तळ्याला मार देतायत.

मग ताईचं लक्ष सिलिंडरच्या काट्याकडे गेलं. तिनं बांबू थांबवला.

"घरी चला."

दाजींनी मान हलवली. नाही.

"संपत आलाय हा. चला."

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. तिनं बांबू खाली टाकला, कमरेचा दोर सोडला आणि म्हणाली, "ते नंतर. तुम्ही आधी." त्यांना उठवलं, क्रेट कमरेवर घेतलं आणि उतरायला लागली. ती बांबू मारत राहिली असती तरी काही झालं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. तिनं मासे सोडले आणि नवरा घेतला, आणि ज्याला घेतलं तो उतरताना सारखा मागे वळून बघत होता.

दुपारपर्यंत पांढरी पोटं वर आली. सगळ्यात शेवटी मोठे गेले.

गावात बातमी पसरली आणि लोक पिशव्या घेऊन आले. रोहू फुकट! त्यांना मोरचुदाचं सांगून परत पाठवताना मला पुन्हा व्याख्यान द्यावं लागलं, आणि या वेळी मात्र सगळ्यांनी शब्द न् शब्द खरा मानला. विष म्हटलं की माणूस लगेच विद्यार्थी होतो. तात्यांनी बांधाकडेला खड्डा काढला, आम्ही दोघांनी पुरले. तात्या मधेच थांबून म्हणाले, "एवढं वजनदार असंल वाटलं नव्हतं."

संध्याकाळी ताई पलंगाशी जाऊन बसली. मी दाराशी होतो.

"मी टाकला मोरचूद. तुमच्या दमासाठी टाकला."

"माहितीये," दाजी म्हणाले. "बांबू निळा होता."

एवढंच. रागावले असते तर तिला रडता आलं असतं.

मी लगेच पुढे झालो, उत्साहानं. म्हटलं, दाजी, शेवाळ काय, ते येणारच. वाऱ्याबरोबर येतं, बगळ्याच्या पायाला लागून येतं. ऊन पडू द्या, पाणी परत हिरवं होईल. पावसाळ्यात आपण पुन्हा माशांचं बीज सोडू.

"येईल ना," ते म्हणाले. "शेवाळ येईलच." मग दम घेऊन म्हणाले, "पण मासा तेवढा व्हायला दोन पावसाळे लागतात, मास्तर." आणि भिंतीकडे वळले.

खोलीत मशीन गुरगुरत होतं. आदिम समुद्रातल्या त्या जिवांनी साठवून ठेवलेल्या हवेतून त्यांच्यापुरतं गाळून देत होतं. पृथ्वीवर प्राणवायूला तोटा नव्हता. खोलीतही नव्हता.

सुटी संपली, मी रजा वाढवली. दाजी सकाळी उठेनासे झाले. ताट जसंच्या तसं परत यायचं. ताई दिवसातून कितीदा तरी क्लिप लावून आकडा बघायची. खरं सांगायचं तर आकडा थोडा सुधारला होता. चढ चढणं बंद झालं होतं ना. घर उंचवट्यावर असल्यानं पलंगावरून खिडकीतून तळ्याचा एक कोपरा दिसतो, तिथे तिनं जुनी साडी बांधली. ऊन परत पडलं, पण हिरवं काही लवकर धरेना. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही फाटकाशीच गाठून बजावायचो, तळ्याचा विषय काढू नका.

ताईची धाकटी जाऊ सिन्नरकडून भेटायला आली, तेव्हा तिलाही बजावलं. भली बाई. शपथ घेतल्यासारखी मान हलवली. पलंगाशेजारी बसली आणि अगदी जपून बोलत राहिली. जीपमध्ये किती कोंबलं, कांद्याची रोपं कशी पिवळी पडली, त्यांनीही यंदा शेततळं केलं ते... तिथे जीभ चावली आणि पुन्हा जीपवर आली. दाजी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते, की नव्हते. ताई चहा घेऊन आली. तेवढ्यात वाऱ्यानं साडी उडाली, पलीकडे उन्हात तळं लखलखलं, आणि ती माउली कप हातात तसाच धरून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"अगं बाई, जाऊबाई!" ती म्हणाली. "पाणी काय काचेसारखं केलंय तुम्ही! पार तळ दिसतोय की! आमचं मेलं नुसतं हिरवं हिरवं. काय टाकलंत हो त्यात?"